लाइव्ह रॉक घ्यायचाय, किलोला बाराशे सांगतोय. घेऊ का?

पहिलाच_खारा_टँक (कोथरूड)

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. गेली आठ वर्षं माशांचे गोड्या पाण्याचे टँक आहेत, गप्पीपासून सुरुवात करून डिस्कसपर्यंत आलोय, म्हणजे अगदीच कोरा नाही, पण खाऱ्या पाण्याला कधी हात लावला नव्हता. आता तीन फुटी टँक बनवून घेतलाय, दीड बाय दीड, साधारण १९० लिटर, खाली संप (फिल्टरची टाकी), स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) सेकंडहँड मिळाला, मीठ घेतलं, खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घेतला. अडलंय ते लाइव्ह रॉकवर, म्हणजे खाऱ्या टँकमध्ये ठेवतात त्या समुद्रातल्या जिवंत वस्तीच्या दगडावर.

एक जण ओळखीतून मिळालाय, दुकान नाही, घरूनच विकतो. म्हणतो इंडोनेशियाचा लाइव्ह रॉक आहे, किलोला बाराशे, वीस किलो घेतला तर हजाराने देईन. जाऊन बघितला. थर्माकोलचा बॉक्स, आत ओल्या पेपरात गुंडाळलेले दगड, पेपर तमिळ होते, वास म्हणाल तर पावसाळ्यात बोंबलाच्या पोत्याजवळ उभं राहिल्यासारखा. म्हणाला हाच खरा लाइव्ह रॉकचा वास. दगडावर जांभळे डाग होते, काही ठिकाणी पांढरं मेणचट काहीतरी, आणि एका भोकातून एक खेकड्याचं पिल्लू माझ्याकडे बघत होतं.

आता प्रश्न असे. १९० लिटरला किती किलो लागतो? वासाचं काय, उकळून घेतला तर चालेल का? आणि माझा मावसभाऊ मालवणला असतो, तो म्हणतो एवढे पैसे कशाला घालवतोस, इथे किनाऱ्यावर दगडच दगड आहेत, पोतं भरून पाठवतो. चालेल का? आणि ड्राय रॉक म्हणून जो मिळतो तो खरंच चालतो की नुसता शोभेचा? बायको म्हणते दगडाला बाराशे देणारा माणूस तिने पहिल्यांदा बघितला.


मालवणी_बांगडो

रे बाबा, तुझ्या मावसभावाक सांग, खडकाक हात लावू नको. नायतर तो जाईल आत आणि तू बसशील पुण्यात डिस्कस बघत.

असो, सगळ्यांना कळेल असं लिहितो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा समुद्र हे अभयारण्य आहे, १९८७ पासून, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथून दगड, शंख, कोरल (प्रवाळ) काही उचलायचं नाही. स्नॉर्केलिंगला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही दिवसातून चारदा हेच सांगत असतो, तरी एखादा खिशात तुकडा घालतोच.

कायदा बाजूला ठेव, दगड तरी कामाचा आहे का ते बघ. आमच्याकडचा दगड दोन जातीचा. एक जांभा, एक काळा पाषाण. काळा म्हणजे गच्च, त्याला भोकं नाहीत, बॅक्टेरियाने राहायचं कुठे. जांभ्याला भोकं असतात म्हणून लोक भुलतात, पण त्यात लोह भरलेलं, पाण्यात लाल माती सोडत राहतो आणि तुझ्या टँकमध्ये शेवाळाची शेती होईल. लाइव्ह रॉक म्हणतात तो मुळात कोरलचा चुनखडी सांगाडा, तो आमच्या किनाऱ्यावर असा पोत्याने पडलेला नसतो. बरं खडकावर जी कालवं, बार्नेकल चिकटलेली असतात ती घाट चढून कोल्हापूरमार्गे पुण्याला पोचेपर्यंत मरणार. मग उघड पोतं, येऊ दे वास. बोंबील बरा म्हणशील.

कोरल बघायचंय तर ये इकडे, पाणी स्वच्छ असताना, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. विजयदुर्गपासून आत शंभरएक किलोमीटरवर आंग्रिया बँक म्हणून पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, तिथे तर कोरलचं रान आहे. बघायचं आणि परत यायचं.


स्किमरमास्तर (ठाणे)

मालवणीबुवांनी अर्धं काम केलंय. उरलेलं मी सांगतो, चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी मला ते तमिळ पेपर आवडले. इंडोनेशियाचा दगड तमिळ पेपरात गुंडाळून येतो होय? मित्रा, तो दगड कुठून आला असेल याचा अंदाज मी बांधत नाही, तूच नकाशा काढून बघ. रामेश्वरम ते तुतिकोरिन या पट्ट्यात मन्नारचं आखात आहे, तिथल्या २१ बेटांचं १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, त्याआधी तिथलं कोरल चुन्यासाठी अक्षरशः खणून काढायचे.

आता कायदा, कारण नवीन लोकांना हे कुणी सांगत नाही आणि विकणारा तर मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या शेड्यूल एकमध्ये २००१ पासून सगळी दगडी कोरल आहेत, शिवाय काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन. शेड्यूल एक म्हणजे वाघाच्या पंगतीला. आणि कोरल मेलेलं आहे, नुसता सांगाडा आहे, ही पळवाट नाही, सांगाडाही त्यातच. शिक्षा तीन ते सात वर्षं. मुंबईत कोस्टल रोड करताना हाजीअली-वरळीच्या खडकांवर कोरल निघालं, तर सरकारी प्रकल्प असूनही ते हलवायला वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती. तू आणि मी कोण? बाहेरून आलेला असेल तरी कोरलचा दगड साइटिसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, निर्यातीचा परवाना लागतो. त्या माणसाला एवढंच विचार, कागद दाखव. तो विषय बदलेल बघ.

आता तुझा खरा प्रश्न. लाइव्ह रॉकमध्ये लाइव्ह काय असतं? दगड नाही. दगड हे घर, राहणारे बॅक्टेरिया. बाहेरच्या थरात ऑक्सिजन असतो तिथले अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, हे तुला डिस्कसमुळे माहीतच आहे. आत खोल भोकात जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे दुसरी जात नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देते. गोड्या पाण्यात हे काम आपण बादलीने पाणी बदलून करतो, इथे थोडंफार दगड करतो. जर्मनीत सत्तर-ऐंशीच्या दशकात बर्लिन पद्धत आली ती हीच, भरपूर खडक, जोरदार स्किमर, बाकी फिल्टरच्या भानगडी नाहीत. तेव्हा खडक समुद्रातूनच आणायचे कारण दुसरं काही नव्हतंच. आज आहे.

ड्राय रॉक म्हणजे कधीकाळचा खाणीतला चुनखडीचा सच्छिद्र दगड, नाहीतर कारखान्यात बनवलेला. मेलेला कोरा दगड. पण घर तेच आहे, भाडेकरू आपण आणायचे. बनवलेलाच घे, कोरलच्या फांद्या दिसतात असला तुकडा ड्राय म्हणून दिला तरी घेऊ नको, कायदा तोच.

किती घ्यायचा, तर जुना हिशोब आठ-दहा लिटरला एक किलो, म्हणजे तुला वीसेक किलो. तो विसर. दगड हलका आणि भोकांचा असेल तर दहा-बारा किलोत भागतं. निवडताना एकाच आकाराचे दोन दगड दोन हातात धर, हलका तो घे. विकणारा किलोवर विकतो ना, म्हणून जड दगड पुढे करतो. शंका आली तर कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाक, फसफसला तर चुनखडी. भिंत बांधू नको, मागच्या काचेपासून चार बोटं तरी जागा सोड म्हणजे पाणी फिरेल आणि काच घासता येईल. आणि दगड आधी तळाच्या काचेवर, वाळू नंतर. उलटं केलंस तर पुढे गोबी मासा किंवा पिस्टल श्रिंप (एक कोळंबी) दगडाखालची वाळू उपसतो आणि एके रात्री धाडकन आवाज येतो. माझ्याकडे आलाय. तुकडे जोडायला सायनोअॅक्रिलेट गोंद, म्हणजे आपलं फेविक्विकच, जेलवालं मिळालं तर उत्तम.

भाडेकरू कुठून आणायचे? बाटलीतले बॅक्टेरिया मिळतात, चांगल्या कंपनीचे, एक्स्पायरी बघून आणि फ्रीजमधून दिलेले घे. नाहीतर पुण्यात कुणाचा तरी जुना निरोगी मरीन टँक असेलच, त्याच्याकडे दगड मागू नको, संपमधल्या मूठभर सिरॅमिक रिंगा माग आणि तासा-दोन तासांत ओल्या ओल्या स्वतःच्या संपमध्ये टाक. यासारखं स्वस्त आणि मस्त दुसरं काही नाही. एक पुणेरी पाटी लावून बघ, रिंगा मागणाऱ्याला नाही म्हणणारा अजून मला भेटला नाही.


रीफ_राजा (मीरा रोड)

मास्तर कायदा बरोबर सांगताय पण उगाच घाबरवू नका, सगळे विकतात सगळे घेतात. ड्राय रॉकवर मी टँक लावला होता, आठ महिने नुसता शेवाळाशी मारामारी. आधी तपकिरी, मग हिरवं, मग लाल सायनो (बॅक्टेरियाचा थर), मग डायनोफ्लॅजेलेट आले, शेंबडासारखे लोंबणारे बुडबुडेवाले, गोगलगाई मेल्या त्याने. शेवटी वैतागून सगळं काढलं. लाइव्ह रॉकच्या टँकला जी मजा आहे ती ड्रायला नाही, भोकाभोकातून काहीतरी उगवतं. हे खोटं आहे का सांगा.


स्किमरमास्तर (ठाणे)

खोटं नाही. ड्राय रॉकचं पहिलं वर्ष कुरूप असतं, हे मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. कोरी जागा दिसली की आधी जो येईल तो बळकावतो, रिकाम्या प्लॉटवर रातोरात टपऱ्या येतात तसं. त्यासाठी घाई न करणं आणि नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर न आणणं हे दोनच उपाय मला लागू पडलेत. डायनो बहुतेक वेळा शून्यावर आणल्यावरच येतात.

पण राजे, "सगळे घेतात" हे मला सांगू नका. सगळे घेतात म्हणूनच तो बॉक्स भरून येतो.


पहिलाच_खारा_टँक (कोथरूड)

मास्तर, बांगडो, खूप आभार. आता एक कबुली द्यायचीय. वरचा प्रश्न टाकला तेव्हाच चार किलो घेऊन आलो होतो, म्हटलं आधी सँपल बघू. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही.

सध्या बाथरूममध्ये पंचवीस लिटरच्या ड्रममध्ये आहे, मिठाचं पाणी, एक छोटा पंप. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दुधाळ झालं होतं, वर फेस, आणि वास आता कुजक्या अंड्यांचा येतोय. आईने बाथरूमच्या दारात उदबत्ती लावलीय. बायको बोलायची बंद झालीय, ते जास्त गंभीर आहे. अमोनियाचं टेस्टकिट लावलं तर हिरवं नाही, निळ्याकडे झुकलं, कार्डावर त्याच्या पुढे रंगच नाही.

काल रात्री टॉर्च लावून बघितलं. एका दगडावर पारदर्शक तपकिरी छोटं फूल, नखाएवढं, बोट नेलं की सुर्रकन आत. एकावर हिरवट बटणांचा पुंजका, मिटलेला. आणि ड्रममधून मधूनच टक् असा आवाज येतो, गॅसचा लायटर दाबल्यासारखा. पंप बंद करून ऐकलं, तरी टक्. म्हणून विचारतोय, एकदा मोठ्या पातेल्यात खळखळून उकळून घेतला तर हे सगळं संपेल ना? संध्याकाळी करणारच आहे.


टेस्टकिट_ताई (नाशिक)

उकळू नका!! आधी हे वाचा, मग बाकी.

दादा, ती हिरवट बटणं म्हणताय ती झोअँथिड किंवा पालिथोआ, म्हणजे कोरलच्या नात्यातले जीव, असणार. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, निसर्गातल्या जहाल विषांपैकी एक. दगड उकळला की ते वाफेबरोबर हवेत येतं आणि घरातले सगळे ती हवा घेतात. ताप, धाप लागणं, छातीत दुखणं, परदेशात अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेल्याच्या घटना आहेत, कुत्र्यामांजरांसकट. तुमच्या घरात आई आहेत. उकळणं नाही, गरम पाणी ओतणं नाही, ओव्हन नाही, ब्रशने खसाखसा घासणं नाही. हात घालायचा तर रबरी मोजे आणि चष्मा, हाताला जखम असेल तर घालूच नका. आणि बाथरूमची खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा.

अॅसिडने धुतात असंही कुणीतरी सांगेल, बाथरूमचं अॅसिड आणि ब्लीच दोन्ही घरात असतातच, ते दोन एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. या विषयात हात घालू नका एवढंच.

वासाचं कारण साधं आहे. दगड प्रवासात कोरडा पडला, गरम झाला, त्यावरचे स्पंज, किडे, खेकडे मेले, ते आता कुजतायत. पांढरं मेणचट म्हणालात तो मेलेला स्पंज. यालाच क्युअर करणं म्हणतात, चार-सहा आठवडे पाणी बदलत राहायचं. आणि अमोनियाचं म्हणाल तर डिस्कसला सहाच्या पीएचला जो आकडा चालून जातो तोच इथे ८.२ ला जीव घेतो, कारण पीएच वाढला की विषारी अमोनियाचा वाटा वाढतो. नायट्राइटचं मात्र उलट आहे, खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे ते गोड्या पाण्याइतकं मारत नाही, त्याला बघून घाबरायचं नाही.

तपकिरी फूल म्हणजे आयप्टेशिया, समुद्रफुलाची (अॅनिमोनची) एक उपद्रवी जात. एकाचे शंभर होतात, ओरबाडला तर तुकड्यातुकड्यातून नवा येतो. त्यावर एक घरगुती उपाय आहे, तो पुढे कधीतरी लागेलच म्हणून सांगते. खायचा चुना, नुसता चुना हं, पानवाल्याचा कात मिसळलेला नाही, तो घट्टसर कालवून सिरिंजने त्याच्या तोंडावर ठेवायचा, पंप बंद करून. परदेशी लोक ज्याला काल्कवासर म्हणून डबे विकतात ती आपली चुन्याची निवळीच आहे, आजीने लहानपणी पाजलेली. दगडी कोरल पाळणारे कॅल्शियमसाठी तीच थेंबथेंब टँकमध्ये सोडतात. मला हे कळलं तेव्हा मी हसत बसले होते.

पण तुम्हाला माझा खरा सल्ला, हा दगड ठेवू नका. मोजे घालून, ओल्या पेपरात गुंडाळून ज्याच्याकडून आणला त्यालाच परत द्या. मुठेत टाकू नका, मालवणला जाताना समुद्रात सोडू नका, त्यावर काय काय जिवंत आहे कुणाला माहीत.


एडिसनचे_काका (न्यू जर्सी)

टक् आवाज वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. तो मँटिस श्रिंप (फटका मारून शिकार करणारा) असेल नाहीतर पिस्टल श्रिंप. पिस्टल असेल तर नशीब, मँटिस असेल तर बोट जपून रे बाबा.

आमच्याकडे अमेरिकेत गोष्ट थोडी वेगळी आहे. मी २००९ साली पहिला टँक लावला तेव्हा फिजीचा दगड दुकानात टोपलीत बटाट्यासारखा मिळायचा, टोंगाचा फांद्यांवाला वेगळा, त्याचा भाव वेगळा. हळूहळू ते सगळं आटलं. फ्लोरिडाजवळच्या समुद्रातून नैसर्गिक खडक काढायला तर नव्वदच्या दशकातच बंदी आली होती. मग तिथल्या लोकांनी काय केलं, समुद्राचा तळ भाड्याने घेतला, खाणीतला चुनखडीचा दगड बोटीने नेऊन तिथे ओतला आणि दोन-तीन वर्षं ठेवला तसाच. अगदी शेतीच. आपण कसं बी टाकून पावसाची वाट बघतो तसं. मग काढून पाण्यातच भरून विमानाने पाठवतात.

तसले पंधरा किलो मी मागवले होते. नेवार्क विमानतळाच्या कार्गोत रात्री साडेदहाला, जानेवारीत, बाहेर बर्फ, गाडीचा हीटर फुल लावून मी आणि मुलगा ते खोके घेऊन घरी. उघडल्यावर आम्ही दोघं तासभर काही बोललोच नाही. स्पंज, छोट्या कालवं, लाल शेवाळ, नखाएवढी स्टार फिश. तो दगड बघितल्यावर राजांचं म्हणणं कळतं मला. आठवड्याने मासे गायब व्हायला लागले, एक, मग दुसरा. रात्री टक्. तीन आठवडे बाटलीचा सापळा लावून बसलो, कोळंबीचा तुकडा आत घालून. पकडला तेव्हा बोटाएवढा हिरवा मँटिस होता. मुलाने त्याला मारू दिलं नाही, वेगळा छोटा टँक केला त्याला, दोन वर्षं जगला आणि माझ्या सगळ्या माशांपेक्षा जास्त लाडका झाला.

पण भारतात असतो तर मी ड्रायच घेतला असता. इथेही आता माझे दोन्ही टँक ड्रायवरच आहेत, वर फक्त फ्लोरिडाचा एक मुठीएवढा तुकडा विरजणासारखा. विरजणाला काय, चमचाभर पुरतं.


पहिलाच_खारा_टँक (कोथरूड)

ताई, तुम्ही अक्षरशः वेळेवर आलात. पातेलं गॅसवर ठेवलेलं होतं, आईचं पुरणाचं मोठं पातेलं, ते वेगळंच प्रकरण झालं असतं.

परवा परत देऊन आलो. आधी म्हणाला वापरलेला माल परत घेत नाही. मी म्हटलं ठीक आहे, मग फक्त इंडोनेशियाचे कागद द्या, मला फाइलला लावायचेत. दोन मिनिटं शांत. मग म्हणाला पैसे नाही, बदल्यात काहीतरी घ्या. एक वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) आणि अर्धी बादली मीठ घेऊन आलो, तोटाच झाला पण सुटलो. बाथरूम फिनाइलने दोनदा धुतलं. बायको बोलायला लागलीय.

ड्राय रॉक अकरा किलो घेतला, दोन्ही हातात धरून, मास्तरांनी सांगितलं तसा. दुकानदार विचारायला लागला काय कलिंगड घेताय का. आता बॅक्टेरियांना खायला अमोनिया कुठून आणू? कोळंबी कुजवतात म्हणे, पण आमच्याकडे कोळंबी कुजवायला आणलीय म्हटलं तर आई घराबाहेर काढेल. आणि अजून एक, घराच्या कामातले शहाबादीचे तुकडे उरलेत, तीही चुनखडीच ना, खाली टाकू का?


स्किमरमास्तर (ठाणे)

शहाबादी चुनखडीच, पण गच्च. बॅक्टेरियाच्या दृष्टीने ती फरशीच. दगडाला टेकू म्हणून एखादा तुकडा चालेल, पॉलिश केलेला नको.

कोळंबी खा, कुजवू नका. अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय काय असतं, लॅबच्या दुकानातून शुद्ध आण. आरओचं पाणी घे, पण स्वयंपाकघरातला आरओ मिनरल परत घालतो, टीडीएस मीटर लाव, पन्नास-साठ दाखवेल, आपल्याला शून्य पाहिजे, मागे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार काढणारं) एक कार्ट्रिज जोड. दगड आधी त्या पाण्यात दोन-तीन आठवडे भिजवून फॉस्फेट तपास, ०.१ पीपीएमच्या वर असेल तर पाणी बदल आणि पुन्हा भिजव. कंटाळवाणं आहे, पण इथे वाचवलेले तीन आठवडे पुढे शेवाळ व्याजासकट वसूल करतं.

मग टँकमध्ये खारटपणा ३५ पीपीटी, तापमान २६. दगड आणि वाळू जागा खातात, त्यामुळे तुझं खरं पाणी दीडशे लिटरच्या आसपास धर. तेवढ्याला नवसागर साधारण एक ग्रॅम, म्हणजे अमोनिया दोन पीपीएमपर्यंत जाईल. रिंगा टाक, बाटली टाक, दिवे बंद ठेव, स्किमरही पहिले काही दिवस बंद. एक ग्रॅम घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया शून्य झाला की सायकल, म्हणजे टँकमध्ये बॅक्टेरिया बसणं, पूर्ण झाली. रिंगा चांगल्या असतील तर दोन-तीन आठवडे, नाहीतर सहा. मग मोठं पाणी बदल आणि आधी गोगलगाई, मासा नाही.


मालवणी_बांगडो

आणि लाइट गेली तर? पुण्यात मे महिन्यात जाते म्हणे अजून. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेव. दगडातल्या तुझ्या भाडेकरूंनाही श्वास लागतो.


पहिलाच_खारा_टँक (कोथरूड)

दोन महिन्यांनी येतोय. उशिराबद्दल सॉरी, मधे गणपती होते.

रिंगा सहकारनगरच्या एका सद्गृहस्थांनी दिल्या, डब्यात, वर चहाही पाजला, पैसे घेतले नाहीत. फॉस्फेट उतरायला पाच आठवडे गेले, तीन नाही. सायकल अठरा दिवसांत झाली. आता वाळूवर तपकिरी थर आलाय, काचेवरही, राजेंनी सांगितलेला पहिला अंक सुरू झालाय, पण घाबरलो नाही. सहा गोगलगाई सोडल्यात. मावसभावाने मालवणहून दगडाऐवजी सोलं आणि सुकट पाठवलं.

एक विचारायचं होतं. काल रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलो, टॉर्च मारला, तर काचेवर आतून पांढरे ठिपके. मिठाएवढे. आधी वाटलं वाळू उडालीय. मग एक ठिपका हलला. नीट बघितलं तर उड्या मारत चालले होते, थांबत, परत उडी. पाचपन्नास तरी असतील. मी यांतलं काहीही विकत घेतलेलं नाही. बायकोला उठवून दाखवलं, ती पण दहा मिनिटं उभी राहिली. हे काय आहे? काढायचे का?


टेस्टकिट_ताई (नाशिक)

कोपेपॉड, कोळंबीच्या लांबच्या नात्यातले बारीक जीव. रिंगांबरोबर आले. काढू नका, झोपा आता.